उतार

अंगणात दोन गाड्या आहेत, ठेवायची एकच.
बटाट्याची पोती आली की आमच्याकडे
कोंबड्यासुद्धा स्वयंपाकघरात राहायला येतात.

मोटरसायकल नवऱ्याची. शंभर सीसी.
टाकीचा लाल रंग दोन्ही बाजूंनी घासून पत्रा दिसतो,
तिथे त्याचे गुडघे असत.
माझे गुडघे चार बोटं मागे टेकतात. सहा वर्षं झाली,
माझी जागा अजून तेवढी घासली गेलेली नाही.

स्कूटर मुलीनं घेतली, सेमारांगच्या पगारातून, हप्त्यांवर.
"पाय टाकून बसायचं वय राहिलं का, आई?"
बटण दाबायचं, कान पिळायचा, की निघाली.
सारोंग नेसून बसता येतं.
पायाशी फळी, फळीवर माझी पेटी:
कात्री, नाळेचे चिमटे, तान्ह्यांचा वजनकाटा.
परतताना कुणाचा कोबी.
एकदा जिवंत कोंबडा, सगळ्या वळणांवर ओरडत.

आणि ती दुसरी? जुलैत दिएंगच्या पठारावर
बटाट्याच्या पाल्यावर बर्फ साचतं तेव्हा
सात किका, आठवीला एक खोकला,
नवव्या किकेआधी मी तिला जे म्हणते
ते सुईणीच्या तोंडी शोभत नाही.

आखूडशिंगी, बहुदुधी, आणि लाथही न मारणारी
अशी स्कूटरच की. मी न्गादियो मिस्त्रीला तसं सांगितलं.
तो चाकाशी उकिडवा बसला होता.
"चाक लहान आहे, बाई. मोठं चाक खड्ड्याला वाकून नमस्कार करतं,
लहान चाक आत जाऊन बसतं."
"आणि पेट्रोल?"
"दोघी चिमणीसारख्या पितात. मोटरसायकल जरा जास्तच चिमणी."
"पण चढ तर दोन्ही चढतात."
त्यानं हात पुसले, आधी चिंधीला, मग विजारीला.
"चढ कुणीही चढतं. उतरणार कशावर, ते बोला."

मी हसले होते.

ऑगस्टमध्ये लेस्तांतुनला खाली न्यायचं ठरलं,
मूल आडवं, दरड पडलेली, मोठी गाडी येईना.
ती माझ्या मागे, स्कूटरवर, एका बाजूला पाय सोडून,
तिचा नवरा पार्वोतो त्याच्या मोटरसायकलवर मागोमाग.
धुकं इतकं, की पुढचं चाक ऐकूनच कळायचं.
चौथ्या वळणाला ब्रेक हातात मऊ झाला,
शिळ्या भातासारखा.
जळका वास आला. मी गाडी बांधाच्या मातीत घातली.
कुणाला काही झालं नाही. कोबीची तीन रोपं मोडली.

मग मी पार्वोतोची गाडी घेतली.
तो स्कूटर हातानं ढकलत चालत निघाला, चपला हातात.

दुसरा गिअर. फक्त दुसरा.
इंजिन कण्हत होतं, सोडत नव्हतं,
उताराला दातांनी धरून ठेवल्यासारखं,
आणि माझ्या पाठीशी लेस्तांतुन कण्हत होती
त्याच पट्टीत.
मी तिला म्हणत होते, अजून नाही, जोर लावू नकोस,
श्वास सोड, अजून नाही.
अर्ध्या वाटेत लक्षात आलं,
खालून तेच शब्द येतायत. अजून नाही. अजून नाही.
वीस वर्षं मी बायकांना हे सांगत आले,
आणि यंत्राला ते आधीपासून येत होतं.

मुलगी झाली. तीन किलोला शंभर ग्रॅम कमी.

रविवारी गिऱ्हाईक आलं, मोटरसायकलच बघायला.
मी त्याला स्कूटर दाखवली.
"राहता कुठे?"
"खाली, समुद्राकडे. भातखाचरं आहेत."
"उतार?"
त्यानं जरा विचार केला. "मशिदीच्या पायऱ्या."
"मग न्या."

मुलगी दोन दिवस फोनवर बोलली नाही.
हप्ते अजून नऊ राहिलेत, ते आता मी भरते.

सकाळी सारोंग गुडघ्यापर्यंत खोचते, पाय टाकते,
कंबर काय ते एकदाच बोलते.
पेटी दोरीनं मागे बांधते. कोबीला जागा नाही.
काल एकानं पुन्हा कोंबडा दिला.
टाकीवर बसवला, समोर, माझ्या दोन हातांच्या मध्ये,
त्या घासलेल्या जागेच्या जरा वर.